सातव्या पुस्तकाचा समास

गिरणी बंद पडल्यावर आमच्या काळाचौकीच्या चाळीत रोज सकाळी एक गोष्ट घडायची. तिच्याबद्दल कोणी कधी अवाक्षर काढलं नाही. पूर्वी पहिल्या पाळीचा भोंगा ज्या वेळी व्हायचा, नेमक्या त्या वेळी चाळीतले पुरुष एकेक करून गॅलरीत येऊन उभे राहायचे. कुणाच्या हातात कपबशी, कुणाच्या खांद्यावर पंचा. सगळ्यांची तोंडं गिरणीच्या चिमणीकडे आणि माना जराशा तिरक्या, काहीतरी कानावर पडतंय अशा. खाली नळावरचा भांड्यांचा आवाजसुद्धा तेवढ्यापुरता थांबायचा. मग माझे वडील हळूच म्हणायचे, "झालो." भोंगा झाला, असं. त्यानंतर सगळे आपापल्या खोलीत परत जायचे. गिरणीत तर पाखरूही नव्हतं, वाफ नव्हती, भोंगा वाजवणारा माणूस कधीच गावाला निघून गेला होता. पण माझी आईसुद्धा त्याच मिनिटाला स्टोव्ह पेटवायची. मी एकदा तिला विचारलं, "आये, तुका ऐकाक येता?" ती काडी विझवत म्हणाली, "पीठ मळ आधी."

बाबा साचेखात्यात विणकर होते. आमच्याकडे मागाला साचा म्हणतात. चार साचे एकटे सांभाळायचे आणि कुठल्या साच्याचा धागा तुटणार ते तुटायच्या आधी त्यांना आवाजावरून कळायचं. लाल झेंड्याच्या युनियनमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. ट्रंकेत तळाशी एक झेंडा, काही पत्रकं आणि अभ्यासवर्गाची एक जाड वही असायची. गिरणी बंद झाली तशी ट्रंकही बंद झाली. ते दिवसभर भिंतीला टेकून बसायचे आणि त्यांची बोटं मांडीवर हलत राहायची, गाठ मारल्यासारखी. कुळथाची पिठी, भाकरी, भाजलेला सुका बांगडा असं ताट आई पुढे ठेवायची. ते जेवायचे, पण काय जेवलो हे त्यांना सांगता आलं नसतं.

मी तेव्हा बी.ए.ला होते, विषय राज्यशास्त्र. वर्गात निबंधांचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. मैत्रिणींना समाजवाद, स्त्रीमुक्ती असलं काहीबाही आलं. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पुराणमतवादी राजकीय विचार." मी बाईंकडे जाऊन म्हटलं, मला बदलून द्या, माझ्या घरी हे चालणार नाही. बाई म्हणाल्या, "म्हणूनच तू वाच. आपल्या लायब्ररीत या विषयावर धड काही नाही. माझ्या एक बाई आहेत गिरगावात, लीलाताई. त्यांनी मला शिकवलंय. त्यांच्याकडे जा. काय वाचायचं, कुठल्या क्रमानं वाचायचं, त्या सांगतील."

लीलाताईंचं घर एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. मुंबईतलं मूळचं घराणं. कधीकाळी त्या अख्ख्या गल्लीवर त्यांचं नाव होतं म्हणे. आता त्या एकट्याच उरल्या होत्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, आणि काचबिंदूनं नजर पार गेलेली. सकाळी यमुनाबाई नावाची एक बाई येऊन केर-फरशी, स्वयंपाक करून जायची. दुपारी घरात कोणी नसायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दार उघडंच होतं आणि आतून आवाज आला, "चपला बाहेर. उजवीकडच्या स्टुलावर बस. खुर्चीवर बसू नकोस."

खोलीत दोन वेताच्या खुर्च्या समोरासमोर होत्या, मध्ये एक गोल टेबल. एकीत ताई बसल्या होत्या. पांढरी वायल, केस घट्ट बांधलेले, डोळे उघडे आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी लागलेले. दुसरी खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावरची उशी दबलेली होती.

"यादी हवी ना? घे लिहून. सात पुस्तकं आहेत," त्या म्हणाल्या. मी वही काढली. त्यांनी नावं सांगितली, प्रत्येकाबरोबर एकेक वाक्य. पहिलं, घाईनं मोडलेल्या गोष्टी परत उभ्या का राहत नाहीत त्याबद्दल. दुसरं एका न्यायाधीशाचं, कायदा आणि वहिवाट यांच्यावर. तिसऱ्यात धर्म, चौथ्यात घर आणि शेजार. पाचवं अशा माणसाचं, ज्याचा स्वतःच्या हुशारीवर विश्वास नव्हता. "ते सगळ्यांत महत्त्वाचं," त्या म्हणाल्या. "हा विचार ज्याला समजून घ्यायचाय त्यानं आधी स्वतःवर शंका घ्यायला शिकावं. नाहीतर तो नुसता हट्टी म्हातारा होतो." सहावं सत्तेच्या मर्यादेबद्दल. आणि सातवं, हातातल्या कसबाबद्दल. जे ज्ञान कागदावर उतरत नाही, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं, ते एकदा तुटलं की कुठलंही सरकार ते परत आणू शकत नाही, असं मांडणारं.

पुस्तकं मी घरी नेणार नाही, अशी त्यांची अट होती. "इथे बसून वाचायची. मोठ्यानं. ही पुस्तकं एकट्यानं वाचायची नसतात. न पटणारं माणूस समोर हवं." मी म्हटलं, "मला पटत नाहीच." त्या हसल्या. "तुला अजून माहीत नाही तुला काय पटतं ते. तू वाच. न पटणारा आहे."

आता मी स्वतः निवृत्त प्राध्यापक आहे. कधी कधी तरुण मुलं फोनवर विचारतात, मॅडम, कन्झर्व्हेटिव्ह विचारावर काय वाचू, लिंक पाठवा. मी तीच सात नावं पाठवते. अट सांगत नाही, कारण ती सांगायची तर बाकीचंही सगळं सांगावं लागेल.

आठवड्यातून चार दुपारी मी जायला लागले. खाली रस्त्यावर हातगाड्या, टॅक्सीवाल्यांचा कलकलाट असायचा, पण वाचायला सुरुवात केली की तो मागे सरकत सरकत नाहीसा व्हायचा. पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर मी अडखळले. समासात पेन्सिलीनं बारीक मराठी अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. ताई लगेच म्हणाल्या, "थांबलीस का? तेही वाच." मी वाचलं, "हे घर जुनं आहे म्हणून पवित्र, असं घरात राहणारा म्हणतो. पायरीवर झोपणाऱ्याला विचारलंत?" ताईंनी मान हलवली, जणू कुणी समोर बसून बोलला. मग रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून म्हणाल्या, "पायरी मोडलीस तर तो झोपणार कुठे, हेही सांग." आणि गप्प राहिल्या. समोरच्या माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ. मग स्वतःशी हसल्या आणि मला म्हणाल्या, "हं, पुढे."

ते अक्षर त्यांच्या थोरल्या भावाचं होतं, हे मला हळूहळू कळलं. भाऊ डाव्या चळवळीत गेला. दोघांचं भांडण विकोपाला गेलं आणि ताईंनी त्याला घराबाहेर काढलं. पण त्याच्याकडे किल्ली होती. ताई कॉलेजात शिकवायला गेल्या की तो दुपारी येऊन या खुर्चीत बसायचा, त्यांची पुस्तकं वाचायचा आणि समासात भांडायचा. ताईंना ते दिसत होतं. त्यांनी कुलूप बदललं नाही, पण उत्तरही दिलं नाही. असं कित्येक वर्षं. मग तो गेला. "सहा पुस्तकं झाली त्याची," ताई म्हणाल्या. "सातवं कोरं राहिलं. मी त्याला एकदाही उत्तर दिलं नाही बघ. वाटायचं, वेळ आहे."

मी टेबलावरून सातवं पुस्तक उचलून चाळलं. खरंच कोरं होतं. सगळे समास स्वच्छ.

सुरुवातीला मला त्यांची कीव यायची. मग त्या खोलीत मला काहीतरी वेगळंच व्हायला लागलं. ताई रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारून थांबायच्या, तेव्हा मीही थांबायला लागले. प्रत्येक उत्तराची लांबी वेगळी असायची आणि ती मला आधीच कळायची, इथे लहान, इथे लांब. कधी वाचता वाचता वेत करकरायचा, माणूस एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलल्यासारखा. लाकूड आहे, तापतं, असं मी मनाशी म्हणायची. पण विडीच्या वासाला काय म्हणायचं ते मला सुचायचं नाही. त्या घरात कोणी विडी ओढत नव्हतं. यमुनाबाईंनी झाकून ठेवलेल्या कोळंबीच्या भुजण्याचा छान वास दरवळत असायचा आणि त्याच्या मधूनच विडीची एक बारीक रेघ यायची. एकदा मी जाताना विचारलं, "यमुनाबाई लिहितात-वाचतात का हो?" ताई म्हणाल्या, "तिला स्वतःचं नावही येत नाही. का गं?" मी चपला घालून निघाले.

मी विचारलं याला कारण होतं. आम्ही सातवं पुस्तक सुरू केलं होतं आणि त्याच्या समासात अक्षरं यायला लागली होती.

पहिल्या दिवशी एकच शब्द, "बरोबर?" दुसऱ्या दिवशी दोन ओळी. अक्षर तेच, "ळ"ला तशीच मोठी गाठ, फक्त ओळी उजवीकडे खाली घसरत जाणाऱ्या. बोट फिरवलं की शिसं बोटाला लागायचं. मी घाबरले, पण वाचलं. ताईंच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की मला विचारायचं धैर्य झालं नाही. सातवं कोरं असल्याचं जणू त्या विसरूनच गेल्या. आणि एका दुपारी पान उलटलं तर समासात होतं, "काळाचौकीची मुलगी चांगलं वाचते. घाबरते, पण वाचते." मी ती ओळ गाळली. ताई म्हणाल्या, "काहीतरी सोडलंस." मी म्हटलं, "नाही ताई." त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे तोंड वळवलं आणि जरा वेळ ऐकलं.

त्या दिवशी मी अट मोडली. पुस्तक पिशवीत घालून घरी आणलं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. आपल्या चाळीत, आपल्या माणसांत, ट्यूबलाइटखाली ते उघडून बघावं, म्हणजे ते नुसतं पुस्तक होईल, असं काहीतरी वाटलं असणार. बाबा भिंतीला टेकून बसले होते.

"ह्यां काय वाचतंस?"

"कॉलेजचा आसा."

"कॉलेजचा नाय. मालकांच्या बाजूची पुस्तकां वाचूक माझां चेडू गिरगावात जाता, म्हायत आसा माका." त्यांनी हात पुढे केला. त्या आठवड्यात ते माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलत होते. मी पुस्तक दिलं. इंग्रजी मजकूर त्यांना वाचता येत नव्हता, पण पान उलटता उलटता त्यांची बोटं एकाएकी थांबली. ते उठले, ट्रंक ओढली, झेंड्याखालची जाड वही काढून पुस्तकाशेजारी उघडी ठेवली. वहीत अभ्यासवर्गाच्या मास्तरांनी स्वतः लिहून दिलेली पानं होती. तोच गाठ मारलेला "ळ".

"ह्यां अक्षर मास्तरांचां," बाबा म्हणाले.

रविवारच्या अभ्यासवर्गाचे मास्तर हे बाबांचं दैवत. मी त्यांच्याबद्दल लहानपणापासून ऐकत आले होते, पण ते गिरगावचे, ते लीलाताईंचे भाऊ, हे मला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. बाबा म्हणाले, "मी खांदो दिलेलंय त्येंका." मग त्यांनी समासातली ओळ अक्षरं लावत लावत मोठ्यानं वाचली. मी त्या पानापर्यंत अजून पोचलेही नव्हते. "बाळाचा साचा बंद पडला. हे त्याला वाचून दाखव."

बाबांचं नाव बाळकृष्ण. बाळा त्यांना फक्त त्या वर्गात म्हणायचे. मास्तर गेले तेव्हा गिरणी चालू होती. आणि ताईंना मी वडिलांचं नाव कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "भूत-बित काय नाय. जेवा दोघांय." पण तिनं पुस्तकाकडे पाठ करून ताटं वाढली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते माझ्याबरोबर गिरगावला आले. गिरणी बंद झाल्यापासून चाळीबाहेर त्यांचं ते पहिलंच पाऊल. आम्ही नेहमीपेक्षा तासभर आधी पोचलो. दार लोटलेलं होतं. मी ते हलकेच ढकललं आणि आम्ही दोघं उंबऱ्यातच थांबलो.

ताई टेबलाशी बसल्या होत्या. समोर दुसरं कुठलंसं पुस्तक उघडं होतं, कारण सातवं माझ्या पिशवीत होतं. डाव्या हाताच्या बोटानं त्या पानाची कड चाचपत होत्या आणि उजव्या हातात पेन्सिल होती. चेहरा वर, रिकाम्या खुर्चीकडे, सगळं लक्ष तिथे. मान हलत होती, ओठ हलत होते. हात मात्र स्वतंत्रपणे भराभर लिहीत होता. त्याच्याशी त्यांचा काही संबंधच नव्हता. झोपलेल्या माणसाची छाती जशी हलते तसा तो हलत होता.

बाबांनी मला मागे सारलं. ते आत गेले आणि जी खुर्ची मला कधी शिवू दिली नव्हती, तिच्यात बसले. वेत करकरला. ताईंचा हात थांबला. पेन्सिल गळून पडली.

"भाई? आलास?"

"होय. इलंय," बाबा म्हणाले.

ताईंनी आवाजाच्या दिशेनं कान वळवला. मग हळू म्हणाल्या, "तू असं बोलायचा नाहीस." आणखी थोड्या वेळानं, "बाळा का?"

"होय, ताई. साचेखात्यातलो बाळा."

"तो म्हणाला होता तुम्ही याल म्हणून."

"कधी म्हणाले?"

"परवा," ताई म्हणाल्या, अगदी साधेपणानं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, सातव्या पुस्तकात काय आहे ते सांगा. ताईंनी पुस्तक न उघडता सांगितलं, कसब हातात असतं, हातातून हातात जातं, ते कागदावर मांडता येत नाही, म्हणून शहाण्यानं चालत्या गोष्टीला हात लावायच्या आधी शंभर वेळा विचार करावा. बाबा ऐकत होते. मांडीवरची बोटं थांबली होती.

"ह्यां खरां," ते म्हणाले. "साचो बंद करूक एक दीस पुरलो. शिकाक माका बारा वर्सां लागली. आता कोणाक शिकवू?"

ताई पुढे झुकल्या. "म्हणजे तुम्ही आमच्या बाजूचे."

"नाय. तुमच्या पुस्तकात माझो साचो खय आसा, ताई? देवळां आसत, घरां आसत, कोर्टां आसत. मोडू नका, मोडू नका. गिरणी मोडली तेव्हा ही पुस्तकां लिवणारे खय होते?"

खोलीत असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ताईंचा चेहरा लाल झाला. आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, त्यांनी उत्तर दिलं आणि त्या उत्तरावर समोरून खरंखुरं उत्तर आलं. पुढची दोन वर्षं, ताई जाईपर्यंत, बाबा आठवड्यातून चार दुपारी गिरगावला जात राहिले. मी वाचायचे आणि ते दोघं भांडायचे. बाबांनी हळूहळू गल्लीतल्या एका शिंप्याकडे काम धरलं, पोरांना धागा, वीण, कापडाची नस शिकवायला लागले. ताईंनी त्यांना विचारून आपल्या यादीत आठवी जागा ठेवली आणि ती रिकामीच ठेवली, लिहिलं गेलं नाही अशा पुस्तकासाठी. माझा निबंध बरा झाला. समासात त्यानंतर कधी काही उमटलं नाही. ती इमारतही आता नाही. तिथे काचेचा टॉवर आहे आणि मी त्या बाजूनं जाताना रस्ता बदलते.

पण बाबा पहिल्यांदा आले त्या दुपारचा एक प्रसंग सांगायचा राहिला. त्यातलं खरं मी बाबांनाही कधी सांगितलं नाही. वाद ऐन भरात आला असताना ताई एकदम थांबल्या. त्यांनी टेबलावरचं उघडं पुस्तक चाचपलं आणि माझ्याकडे सरकवलं. "सुमन, समासात आज काय आहे? तो आज काहीच बोलला नाही. वाच."

मी पाहिलं. आम्ही येण्याआधी तो हात जे लिहीत होता, ते सगळं एकावर एक चढलं होतं. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, नुसता काळा गिचमिडा. एक अक्षर लागत नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत होते. ताई मान तिरकी करून वाट बघत होत्या. मला खरं सांगता येईना आणि गप्पही बसवेना. म्हणून मी बनवलं. त्या काळ्या डागाकडे बघत, तोंडाला येईल ते वाचल्याचा आव आणला.

"ठके, आता पुरे. जितं माणूस समोर बसलंय, त्याच्याशी बोल."

ताईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांचे डोळे पहिल्यांदाच नेमके माझ्या तोंडाकडे वळले.

"ठकी हे माझं नाव," त्या म्हणाल्या, "या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. तुला कोणी सांगितलं?"